पदवीच्या पहिल्या दोन वर्षांत सर्टिफिकेट कोर्स: गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी निवडीपासून कागद हातात येईपर्यंतची वाट

एफवायचे वर्ग सुरू होऊन महिना होत नाही तोच सूचनाफलकावर सर्टिफिकेट कोर्सचे कागद डकवले जातात. टॅली, फ्रेंच, सॉफ्ट स्किल्स, योग, डिजिटल मार्केटिंग, अळंबी लागवड. मैत्रिणीने नाव घातलं म्हणून आपणही घालतो, वर्गशिक्षिका आग्रह करतात म्हणून आणखी एक घेतो. तिसऱ्या वर्षापर्यंत फाईल जाड होते आणि मुलाखतीला समोरचा माणूस ती उघडतसुद्धा नाही. त्याच वेळी वास्कोच्या एखाद्या मुलाकडे दोन-चारच कागद असतात, पण त्यातला एक जरी कमी असता तरी त्याला जहाजावर पाऊल ठेवता आलं नसतं. त्याचा कोर्स तुमच्यापेक्षा भारी होता असं नाही. त्याचा कागद मागणारं कोणीतरी होतं, एवढंच.

म्हणून या लेखात कोर्सची निवड नंतर येते आणि नोकरीची जाहिरात आधी. लेख मुख्यतः पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतल्या मुलांसाठी आहे. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट आणि पुढच्या प्रवेशपरीक्षांची धावपळ असते. शिवाय नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बाहेर पडायची दारं ठेवली आहेत, तीही याच काळात समजून घ्यायची असतात.

पायरी १: आपण कुठल्या कागदाबद्दल बोलतोय ते ओळखा

कॉलेजात ‘सर्टिफिकेट’ म्हणून जे जे मिळतं ते सगळं एका जातीचं नसतं. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून नवं धोरण लागू झालं. तेव्हापासून कौशल्य अभ्यासक्रम आणि मूल्यवर्धित अभ्यासक्रम पदवीच्या आतच आले. त्यांचे क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर ठरणारं एकक) गुणपत्रिकेवर चढतात, वेगळा कागद मिळालाच पाहिजे असं नाही. बरीच मुलं हे विषय ‘सोपे’ म्हणून उरकतात आणि त्याच गोष्टीचा कोर्स बाहेर पैसे भरून करतात. कौशल्य विषयांच्या यादीत आपल्या कामाचं काही आहे का, हे प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात विचारा. हा फुकटातला कोर्स आहे.

दुसरा प्रकार कॉलेजने स्वतः चालवलेला जोड-कोर्स. तो बहुतेक वेळा ३० तासांचाच का असतो, याचं उत्तर नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनात सापडतं. तिथे ३० किंवा त्याहून जास्त तासांचे असे कोर्स मोजले जातात. म्हणजे तो कोर्स चालवण्यात कॉलेजचाही फायदा असतो. त्यामुळे तो वाईट ठरत नाही. चांगला प्राध्यापक असेल तर हे ३० तास सोन्यासारखे जातात. फक्त ‘कॉलेजनेच ठेवलाय म्हणजे नोकरीला उपयोगी असणार’ असं धरून चालू नका.

तिसरा प्रकार नियमाने लागणारा कागद: जहाजावरचं सुरक्षा प्रशिक्षण, आयटीआयचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, अन्न व्यवसायातलं प्रशिक्षण. यांच्यामागे कायदा किंवा सरकारी नियामक असतो. चौथा म्हणजे स्वयम (केंद्र सरकारचं ऑनलाईन कोर्सचं व्यासपीठ), एनपीटीईएल (त्यावरचे आयआयटींचे कोर्स), इग्नू (मुक्त विद्यापीठ) अशा खुल्या वाटांनी मिळणारा कागद. त्यातला काही भाग पदवीच्या क्रेडिटमध्ये धरून घेता येतो.

आणि पाचवी एक गोष्ट, जिचा या सगळ्यांशी घोळ होतो: ‘यूजी सर्टिफिकेट’. तो कोर्स नव्हे. पदवी एका वर्षानंतर सोडली तर विद्यापीठ जो कागद देतं तो हा. त्याच्याबद्दल पुढे.

पायरी २: दहा जाहिराती जमवा

स्वतःच्या तालुक्यापासून तासाभराच्या अंतरातल्या, तुम्हाला खरोखर करावीशी वाटते अशा कामाच्या दहा जाहिराती गोळा करा. वर्तमानपत्रातल्या, मोबाईलवरच्या, औद्योगिक वसाहतीच्या गेटवर लावलेल्या, कुठल्याही चालतील. प्रत्येकीत पात्रतेच्या ओळीखाली रेघ मारा. आता दोन रकाने करा: कागद मागितलाय की कौशल्य मागितलंय.

सरकारी नोकरी घ्या, कारण गोव्यात घरोघरी तीच आधी निघते. गोवा कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ कारकुनाच्या जाहिरातीत बारावीसोबत साधारणपणे या अटी असतात: संगणक वापराचं ज्ञान, इंग्रजी टंकलेखनाचा वेग मिनिटाला ३० शब्द, कोकणीचं ज्ञान आणि मराठी येत असल्यास इष्ट. नीट वाचा. टंकलेखनाचा वेग मागितलाय. महागड्या कॉम्प्युटर कोर्सची गरज त्यात कुठेच नाही. घरच्या कीबोर्डवर रोज अर्धा तास बसून हा वेग येतो. आणि आपल्याकडच्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनी कोकणीची अट आपोआप पुरी झाली असं धरू नये. घरात बोलतो तेवढ्यावर लेखी उत्तर जमतंच असं नाही. पदवीत कोकणीचा भाषा-विषय घेता येत असेल तर तो इथे कुठल्याही रंगीत कागदापेक्षा जास्त कामाला येतो.

वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या औषध कंपन्यांचं गणित निराळं. रसायनशास्त्राच्या मुलांना गुणवत्ता नियंत्रण विभागात घेताना एचपीएलसीसारख्या (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या) यंत्रावर हात बसलाय का, जीएमपी (औषध उत्पादनातले गुणवत्तेचे नियम) म्हणजे काय ते कळतं का, नोंदी कशा ठेवता, हे विचारतात. इथे कोर्स घ्यायचा तर माहितीपत्रकातला विषयांचा तक्ता बाजूला ठेवून तीनच प्रश्न विचारा. यंत्र संस्थेत आहे का, आणि चालू स्थितीत आहे का? एका तुकडीत किती मुलं? मला स्वतःला त्यावर किती तास बसायला मिळेल? पडद्यावर यंत्राची चित्रं दाखवणारा कोर्स या कामासाठी घेऊ नये. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते उघडं पडतं. नोंदींची शिस्त मात्र पैसे न भरता कॉलेजच्या प्रयोगशाळेतच शिकता येते: निरीक्षण त्याच क्षणी लिहायचं, पेनने लिहायचं, चुकलं तर एकच रेघ मारून बाजूला सही आणि तारीख घालायची. कच्च्या कागदावर लिहून मग जर्नल ‘फेअर’ करायची सवय आपण मुलांना लावतो. कारखान्यात नेमकी तीच मोडावी लागते.

मडगाव-म्हापशाच्या सीए ऑफिसात टॅलीचा कागद दाखवण्यापेक्षा जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्रांत काय भरतात ते सांगता आलं तर काम लवकर मिळतं. हॉटेलांची भरती पर्यटनाच्या हंगामाआधी होते. ऑक्टोबरात दाराशी उभं राहायचं असेल तर कोर्स सप्टेंबरात संपलेला हवा.

भाषांचं एक सूत्र पाठ ठेवा. युरोपीय भाषांच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा आहेत. ए१ म्हणजे ओळखपाळख आणि भाव विचारणं. नोकरीत ‘भाषा येते’ म्हणायला निदान बी१-बी२ लागते, आणि तिथवर जायला एक-दोन वर्षं सलग अभ्यास हवा. म्हणून फ्रेंच किंवा पोर्तुगीज घ्यायची तर पहिल्या वर्षी सुरू करा, नाहीतर ए१ चा कागद घेऊन थांबाल. पोर्तुगीजला गोव्यात एक वेगळी बाजारपेठ आहे, तिची चर्चा कमी होते. १९६१ पूर्वीची जमिनीची, वारसाहक्काची, नोटरीची कागदपत्रं त्या भाषेत आहेत. ती वाचून सांगणारा माणूस वकिलांना लागतो आणि अशी माणसं दर पिढीत कमी होत आहेत. इतिहासाच्या किंवा कायद्याच्या वाटेवरच्या मुलांनी हे मनावर घ्यावं. त्याच्या जोडीला मोडी लिपी वाचता आली तर जुन्या मराठी दप्तरांचं दारही उघडतं.

पायरी ३: तारवावर जायचं असेल तर क्रम चुकवू नका

मुरगाव, सासष्टी, बार्देशात घरटी एक तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारा, असायचा. आजही दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा मध्येच ‘बोटीवर चाललो’ म्हणतो. इथे सर्टिफिकेट हौसेचं नसतं, ते नसेल तर जहाजावर घेत नाहीत. आणि इथेच पैसे सगळ्यात जास्त बुडतात. म्हणून थोडं सविस्तर.

आधी पासपोर्ट. त्यावरचं नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं. मग इंडोस क्रमांक. नौवहन महासंचालनालय, ज्याला सगळे डीजी शिपिंग म्हणतात, ते प्रत्येक खलाशाला हा क्रमांक देतं आणि मान्यताप्राप्त कोर्सच्या प्रवेशासाठी तो लागतो. त्यानंतर एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय कराराखालचं मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण. त्यात चार भाग येतात: समुद्रात जीव वाचवण्याची तंत्रं, आग रोखणं आणि विझवणं, प्राथमिक उपचार, वैयक्तिक सुरक्षा व सामाजिक जबाबदारी. जोडीला जहाजाच्या सुरक्षाव्यवस्थेचा एक छोटा कोर्स असतो. प्रवासी जहाजावर जाणाऱ्यांना गर्दी हाताळण्यासारखं आणखी प्रशिक्षण घ्यावं लागतं. हे सगळं मान्यताप्राप्त संस्थेतच झालं पाहिजे. संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या संकेतस्थळावर आहे. संस्थेच्या भिंतीवरचा फ्रेम केलेला कागद पाहून समाधान मानू नका, यादीत आज तिचं नाव आहे का ते बघा, आणि तुम्हाला हवा असलेला नेमका कोर्स तिच्या नावापुढे आहे का तेही.

पोहणं-तगणं आणि आग या दोन भागांची उजळणी दर पाच वर्षांनी करावी लागते. म्हणून ‘आत्ता करून ठेव, कधीतरी उपयोगी येईल’ हा सल्ला इथे लागू पडत नाही. एफवायला केलेलं प्रशिक्षण पदवी, एखादी नोकरी आणि मग जहाज असा विचार करेपर्यंत जुनं होतं. जायचं ठरलं, वैद्यकीय तपासणीत पास झालो, मगच पैसे भरा. दृष्टिदोषामुळे किंवा रंग ओळखता न आल्यामुळे तपासणीत अडकायचं असेल तर ते कोर्सच्या आधी कळलेलं बरं. ही तपासणीही डीजी शिपिंगने मान्य केलेल्या डॉक्टरकडेच होते.

भरती करणाऱ्या एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांच्या भरतीचा डीजी शिपिंगचा परवाना हवा. आणि जहाजावरची जागा देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला नियमाने मनाई आहे. पासपोर्ट, वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षण यांचा खर्च तुमचा. ‘जागेचे’ म्हणून जो कोणी मागेल त्याच्या ऑफिसातून उठून यावं. तो कितीही ओळखीचा असो, वाड्यावरचाच असो.

समुद्र हवा पण घर सोडवत नाही, अशांसाठी आणखी एक वाट आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यातच आहे. जीवरक्षक तंत्र आणि पॉवरबोट चालवणं यांसारखे तिचे छोटे कोर्स असतात. किनाऱ्यावरच्या कामात या कागदांना मागणी आहे.

पायरी ४: कागद देणारा कोण, ते तपासा

पदवी फक्त विद्यापीठ किंवा कायद्याने अधिकार दिलेली संस्थाच देऊ शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) १९५६ च्या कायद्याच्या २२व्या कलमात ते स्पष्ट आहे. सर्टिफिकेटला असं बंधन नाही. उद्या तुम्ही गल्लीत वर्ग काढून सर्टिफिकेट वाटलंत तर तो गुन्हा नव्हे. म्हणूनच ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द ऐकला की विचारायचं, कोणाची मान्यता आणि कशाला?

माहितीपत्रकावर तीन शिक्के नेहमी दिसतात. आयएसओ ९००१: हे संस्थेच्या कामकाजपद्धतीचं प्रमाणन आहे, कोर्सच्या दर्जाचं नव्हे. एमएसएमई किंवा उद्यम नोंदणी: छोटा व्यवसाय म्हणून मालकाने स्वतः माहिती भरून केलेली नोंद. नीती आयोगाचं दर्पण: स्वयंसेवी संस्थांची नोंदवही. या तिन्हींतला एकही शिक्का कोर्सला मान्यता देत नाही. पण तिरंग्याच्या रंगात छापले की पालकांना सगळं सरकारी वाटतं.

कौशल्य कोर्सची मान्यता तपासायची जागा म्हणजे राष्ट्रीय पात्रता नोंदवही. ती एनसीव्हीईटी ही परिषद ठेवते. तिथे प्रत्येक पात्रतेचा सांकेतिक क्रमांक, पातळी, तास आणि ती कधीपर्यंत वैध आहे हे दिलेलं असतं. संस्थेकडे सांकेतिक क्रमांक मागा आणि घरी येऊन शोधा. क्रमांक विचारल्यावर समोरचा चाचरला तर उत्तर मिळालं.

तासांचा हिशेबही लगेच करता येतो. वर्गातल्या शिकवण्याचे १५ तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे ३० तास म्हणजे एक क्रेडिट. दोन क्रेडिटचा म्हणून विकलेला कोर्स दोन रविवारी संपत असेल तर त्या क्रेडिटचं तुमच्या विद्यापीठात काय होणार ते ओळखा.

पायरी ५: वेळ आणि पैसा

कोर्सचे तास मोजताना बस मोजायला आपण विसरतो. वाळपईच्या मुलीने पणजीत दोन तासांचे पंधरा वर्ग लावले तर कोर्स ३० तासांचा. जाऊन-येऊन तीन तास धरले तर कदंब बसमध्ये ४५ तास. पावसात आणखी. संध्याकाळचा वर्ग असेल तर परतीची शेवटची बस आधी बघा. असे वर्ग मुली दुसऱ्या महिन्यात का सोडतात याचं कारण बहुधा तिथेच असतं. सत्तरी, सांगे, काणकोणच्या मुलांनी थिअरी ऑनलाईन आणि प्रात्यक्षिक मे महिन्यात सलग, असा मेळ घालावा.

वर्षाचा बेत सणांसकट करा. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी आठवडा आणि नंतर आठवडा अभ्यास होत नाही, हे धरूनच चाला. ऑक्टोबर-नोव्हेंबर परीक्षा, मग दिवाळी. मार्चात शिगमो आणि लगेच दुसरं सत्र संपायला येतं. एका सत्रात एकच कोर्स घ्या. दोन घेतले तर दोन्ही अर्धवट राहतात, आणि मग एटीकेटीचं प्रकरण घरी सांगावं लागतं ते वेगळंच.

पैशाबाबत पावती, परतावा आणि परीक्षा शुल्क या तिन्हींबद्दल लेखी विचारा. खरं सावध राहायचं ते हप्त्यांपासून. काही खासगी संस्था ‘सोपे हप्ते’ म्हणून जो फॉर्म पुढे करतात तो वित्तसंस्थेच्या कर्जाचा असतो. कोर्स आवडला नाही म्हणून तुम्ही जायचं बंद केलं तरी हप्ते थांबत नाहीत, आणि थकले तर कर्ज ज्याच्या नावावर, बहुधा आईवडिलांच्या, त्यांच्या नावावर थकबाकीची नोंद चढते. एफवाय-एसवायच्या मुलाने कुठल्याही सर्टिफिकेटसाठी कर्ज काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ६: नाव घालण्याआधीची कागदपत्रं

एबीसी, म्हणजे क्रेडिटची बँक, २०२१ च्या नियमांनी आली. तिचं खातं डिजीलॉकरमधून काढता येतं. कॉलेजने काढून दिलं असेल तर क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवा आणि वर्षातून दोनदा उघडून क्रेडिट चढलेत का ते पाहा. चढले नसतील तर त्याच वर्षी परीक्षा विभागात अर्ज करा. तीन वर्षांनी तक्रार नेली की जुनी रजिस्टरं शोधण्यात दिवस जातात.

नावाचा घोळ गोव्यात जरा जास्त आहे. जन्माच्या नोंदीत ‘नाईक’चं स्पेलिंग पोर्तुगीज वळणाचं, आधारवर इंग्रजी वळणाचं, गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव मध्ये, तर पासपोर्टवर नाही. काहींच्या आडनावात गावाचं नाव एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही. पहिल्या वर्षीच सगळे कागद टेबलावर मांडून एक नाव पक्कं करा. आधारमध्ये साधी दुरुस्ती होते. जन्माच्या नोंदीतलं नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर गोवा नाव व आडनाव बदल कायदा, १९९० खालची रीतसर प्रक्रिया आहे, आणि तिला वेळ लागतो. कोर्सचा फॉर्म भरताना तेच पक्कं नाव घाला. ‘सर्टिफिकेटवर छान दिसेल’ म्हणून टोपणनाव किंवा नवं स्पेलिंग घालू नका.

पायरी ७: ऑनलाईन कोर्स तडीस नेणं

स्वयमवरचे कोर्स जानेवारी आणि जुलैच्या सत्रांत निघतात, बहुतेक चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे. शिकणं फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय या मार्गाने करून क्रेडिट घेता येतात. पण यात एक मेख आहे. कुठला कोर्स चालेल ते तुमची संस्था ठरवते. म्हणून नाव घालण्याआधी विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या. आधी कोर्स करून मग क्रेडिट मागायला गेलात तर मिळण्याची खात्री नाही.

एनपीटीईएलची गुणपद्धत माहीत असेल तर निम्मी लढाई होते. २५ गुण साप्ताहिक गृहपाठांचे, ७५ परीक्षेचे. आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये उत्तम सहा गृहपाठ धरतात, बारा आठवड्यांच्यात उत्तम आठ. प्रमाणपत्रासाठी गृहपाठांत २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० लागतात. मुलं अडकतात ती गृहपाठात. मुदत टळली की तो आठवडा गेला. चवथीच्या आधीच्या आठवड्यांतला एकही गृहपाठ चुकवू नका, म्हणजे चवथीत सुटलेले एक-दोन चालतात. परीक्षा मात्र प्रत्यक्ष केंद्रावर जाऊन द्यायची असते, तिची तारीख कॉलेजच्या परीक्षेशी आपटत नाही ना, ते फॉर्म भरतानाच बघा.

संथपणे शिकायचं असेल तर इग्नू. गोव्यात तिचं प्रादेशिक केंद्र आहे. सर्टिफिकेट कोर्स किमान सहा महिन्यांचे असतात, पूर्ण करायला साधारण दोन वर्षांची मुभा मिळते. नियमित पदवीसोबत असा दूरस्थ कार्यक्रम करायला २०२२ पासून यूजीसीची परवानगी आहे.

पायरी ८: मध्येच सोडावं लागलं तर

घरची अडचण, वडिलांचं आजारपण, बोटीवरची जागा, कारण काहीही असो. एक वर्ष झाल्यावर ४० क्रेडिट मिळाले असतील आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम केला असेल तर यूजीसीच्या चौकटीनुसार यूजी सर्टिफिकेट मिळतं. दोन वर्षांनंतर ८० क्रेडिट आणि तसाच चार क्रेडिटचा अभ्यासक्रम असेल तर यूजी डिप्लोमा. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची असते.

यातली महत्त्वाची गोष्ट ते चार क्रेडिट आहेत. बरीच मुलं परीक्षा देतात आणि मे महिन्यात निघून जातात. व्यावसायिक अभ्यासक्रम राहतो आणि हातात काहीच पडत नाही. जाण्याची शक्यता असेल तर फेब्रुवारीतच कार्यालयात विचारा: उन्हाळी अभ्यासक्रम कधी, कुठला, किती दिवसांचा. बॅकलॉग असेल तर ४० क्रेडिट पुरे होत नाहीत, तेव्हा आधी तो विषय सोडवा. आणि सोडून गेल्यावर तीन वर्षांची तारीख मोबाईलमध्ये घालून ठेवा. बोटीवरचे करार नऊ-नऊ महिन्यांचे असले की तीन वर्षं कशी गेली ते कळत नाही.

पुस्तकी शिक्षण जमत नाही म्हणून सोडत असाल तर यूजी सर्टिफिकेटच्या मागे लागण्यापेक्षा आयटीआयचा विचार करा. फर्मागुढी, म्हापसा, डिचोली, काकोडा अशा ठिकाणी सरकारी आयटीआय आहेत. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर दोन वर्षांचा, कॉम्प्युटर ऑपरेटरचा एक वर्षाचा. पदवीची दोन वर्षं वाया गेली असं घरात कोणी म्हणालं तर म्हणू दे. चांगला वायरमन गोव्यात शोधून मिळत नाही, आणि हे म्हणणाऱ्यालाही ते माहीत असतं.

आईच्या जोडीने घरून फराळ, खाजें, दोदोल, लोणची विकायचा विचार असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं फॉस्टॅक प्रशिक्षण बघा. ते एका दिवसात होतं. नियम असा की दर २५ अन्न हाताळणाऱ्या माणसांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा. म्हणून हा कागद असलेला मुलगा हॉटेलच्या स्वयंपाकघरातही चालतो.

पायरी ९: कागद हातात आल्यावर

प्रत्येक कोर्समधून दाखवण्यासारखी एक वस्तू बाहेर काढा: टॅलीत भरलेल्या एखाद्या काल्पनिक दुकानाच्या वर्षभराच्या नोंदी, मोडीतून उतरवलेलं एक पान, गुणवत्ता चाचणीचा लिहिलेला अहवाल. बायोडेटात कोर्सच्या नावाखाली एका ओळीत ‘यात मी हे केलं’ असं लिहा. मालिका छापल्यासारखी सात सर्टिफिकेटं लिहिण्यापेक्षा जाहिरातीत मागितलेली दोनच वर ठेवा.

सर्टिफिकेटवर क्यूआर कोड किंवा पडताळणीचा क्रमांक असेल तर तो स्वतः एकदा चालवून बघा, कोड आहे पण उघडत नाही असंही होतं. काहीच नसेल तर संस्थेकडून लेटरहेडवर तास, कालावधी आणि विषय लिहिलेलं पत्र घेऊन ठेवा. छोट्या संस्था बंद पडतात, मग विचारायला कोणी उरत नाही.

आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. झेरॉक्सवाला आग्रह करतो, आईलाही तसंच हवं असतं. पण आखातात किंवा युरोपात जायचं झालं की मूळ कागदाच्या मागच्या बाजूवर साक्षांकनाचे शिक्के घ्यावे लागतात, आणि प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. साधी पारदर्शक फाईल पुरते. पावसाळ्यात तिच्यात सिलिका जेलची एक पुडी टाका आणि ती कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. खालच्या फळीला ओल धरते.